चालत्या संगणकाचे बिऱ्हाड हलविताना

पतसंस्थेतील ठेव, रुग्णालयातील केसपेपर, विद्यापीठाचा निकाल, विजेचे बिल या साऱ्यांच्या नोंदी आज संगणकात ठेवल्या जातात, हे आपण सर्वजण जाणतो. मात्र या नोंदी ज्या संगणकात असतात तो बहुधा हात लावता येईल अशी एखादी स्वतंत्र पेटी नसतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तो असतो आभासी संगणक, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन. आणि कधी ना कधी अशी वेळ येते की, या आभासी संगणकाचे सारे बिऱ्हाड एका साठ्यातून उचलून दुसऱ्या साठ्यात न्यावे लागते. तेही काम न थांबविता.

नवी मुंबईत ऐरोली, महापे या भागांत मोठमोठी डेटा सेंटर्स उभी आहेत. तेथे व इतरत्र आपली मुले-मुली रात्रपाळी करतात. 'रात्री मायग्रेशन आहे' असे सांगून मुलगा घराबाहेर पडतो, तेव्हा तो नेमके काय करायला जातो हे घरच्यांना कळत नाही. ही माहिती सभासद बंधु-भगिनींना सोप्या भाषेत मिळावी आणि संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांना तिचा प्रत्यक्ष उपयोग व्हावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

आभासी संगणक म्हणजे काय?

एक मोठा, ताकदवान संगणक घेतला आणि त्यावर एकच काम चालविले, तर त्याची बरीचशी शक्ती वाया जाते. म्हणून त्यावर 'हायपरव्हायझर' नावाचा प्रोग्रॅम बसवितात. हा प्रोग्रॅम एका संगणकाची वाटणी करून त्यात अनेक संगणक नांदवितो. चाळीत जशा अनेक खोल्या आणि प्रत्येक खोलीत स्वतंत्र संसार, तसाच हा प्रकार. प्रत्येक आभासी संगणकाला वाटते की, ही मेमरी, ही डिस्क सर्वस्वी आपलीच आहे.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीने १९६० च्या दशकात तिच्यावर काम केले आणि १९७२ साली 'व्हीएम/३७०' ही प्रणाली जाहीर केली. साध्या, स्वस्त संगणकांवर ही सोय आणण्याचे श्रेय मुख्यतः १९९८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीकडे जाते. पुढे झेन, केव्हीएम, हायपर-व्ही अशा अन्य प्रणालीही आल्या. त्यांपैकी केव्हीएम २००७ साली लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आभासी संगणकाची हार्ड डिस्क ही बहुतेक वेळा प्रत्यक्षात एक मोठी फाईल असते. त्या एका फाईलमध्ये त्याची प्रणाली, त्याचे प्रोग्रॅम आणि सर्व नोंदी असतात. म्हणून बिऱ्हाड हलवायचे म्हणजे मुख्यतः ही फाईल हलवायची.

सामायिक साठा कशासाठी?

ही फाईल ज्या सर्व्हरवर मशीन चालते त्याच्याच पोटात ठेवली, तर तो सर्व्हर बंद पडताच आतले सारे संसार अडकून पडतात. म्हणून फाईली सर्व्हरबाहेर, एका स्वतंत्र साठवण यंत्रात ठेवतात आणि अनेक सर्व्हर त्याला जोडतात. यालाच शेअर्ड स्टोअरेज म्हणतात. एक सर्व्हर बिघडला तर दुसरा सर्व्हर तीच फाईल उघडून तेच मशीन पुन्हा सुरू करू शकतो.

सामायिक साठ्याचा आणखी एक मोठा लाभ आहे. २००५ साली केंब्रिज व कोपनहेगन येथील संशोधकांनी झेन प्रणालीवर चालू मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेऊन दाखविले. त्यात सेवा खंडित होण्याचा काळ कमीत कमी ६० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या सोळाव्या भागाइतका भरला. हे शक्य झाले कारण हलविली गेली ती फक्त मेमरी. डिस्क नेटवर्कवरील साठ्यात होती तेथेच राहिली. तात्पर्य, साठा सामायिक असला की भाडेकरू इमारत बदलतो, पण सामानाचे गोदाम तेच राहते. आपला विषय याच्या पुढचा, आणि अधिक कठीण आहे. येथे गोदामच बदलायचे आहे.

गोदाम का बदलावे लागते, याची कारणे व्यावहारिक आहेत. साठवण यंत्राचा देखभाल करार संपतो, जागा पुरेनाशी होते, नव्या कामाला जुने यंत्र संथ वाटू लागते. कधी कारण परवान्याच्या खर्चाचे असते. ब्रॉडकॉम कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतल्यावर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद करून वर्गणीची पद्धत आणली. तेव्हापासून अनेक संस्था दुसऱ्या हायपरव्हायझरचा विचार करू लागल्या, आणि हायपरव्हायझर बदलला की बहुधा साठ्याची रचनाही बदलते.

वेळेचे गणित

विद्यार्थ्यांनी प्रथम हे गणित कागदावर मांडावे. एक गिगाबिट वेगाच्या नेटवर्कमधून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी माहिती जाते. एक टीबी म्हणजे दहा लाख एमबी. भागाकार केला की ८,००० सेकंद, म्हणजे २ तास १३ मिनिटे होतात. एखाद्या कार्यालयाची सारी मशीन मिळून २० टीबी असतील तर ४४ तासांहून अधिक वेळ लागेल. हेच नेटवर्क दहा गिगाबिटचे असेल तर सुमारे साडेचार तास. हा आदर्श हिशेब झाला. प्रत्यक्षात वेळ याहून जास्तच लागतो, कारण त्याच तारेवरून रोजचे कामही चालू असते आणि जुन्या यंत्राचा वाचण्याचा वेग कमी असू शकतो.

एकाच कंपनीच्या एकाच साठवण यंत्रात फाईल इकडून तिकडे करायची असेल, तर काही यंत्रे ते काम आतल्या आत उरकतात. परंतु दोन वेगळ्या बनावटीच्या यंत्रांत अशी ओळख सहसा नसते. तेथे प्रत्येक बाइट सर्व्हरमार्फत वाचून पुन्हा लिहावा लागतो. 'एका रात्रीत होऊन जाईल' असे साहेबांना सांगण्यापूर्वी हा भागाकार करून पाहावा, हे बरे.

लिहिली जात असलेल्या वहीची नक्कल

आता खरी अडचण पाहू. समजा, एका पतसंस्थेत एक जाड रोजकीर्द आहे. तिची हुबेहूब नक्कल दुसऱ्या वहीत करायची आहे; पण खिडकी उघडी आहे आणि रोखपाल जुन्या वहीत नोंदी करतोच आहे. नक्कल करणारा कारकून दोनशेव्या पानावर असताना रोखपालाने बाराव्या पानावर दुरुस्ती केली, तर नक्कल चुकली. यावर तीन उपाय आहेत.

पहिला उपाय म्हणजे खिडकी बंद करणे. मशीन रीतसर बंद करावे, फाईल नव्या साठ्यात उतरवावी, दोन्ही प्रती ताडून पाहाव्यात आणि मग नव्या जागेवरून मशीन सुरू करावे. याला कोल्ड मायग्रेशन म्हणतात. तरुण मंडळींना ही पद्धत जुनाट वाटते. परंतु ज्या कामाला रविवारी चार तास सुट्टी देता येते, त्याच्यासाठी हीच पद्धत सर्वांत सुरक्षित आहे, कारण न बदलणाऱ्या दोन प्रतीच एकमेकींशी पूर्णपणे ताडून पाहता येतात.

दुसरा उपाय म्हणजे बदललेल्या पानांची खूण ठेवून ती पुन्हा उतरवून घेणे. उदाहरण घेऊ. डिस्क ५०० जीबीची आहे आणि नक्कल सेकंदाला १०० एमबी वेगाने होते. पहिली फेरी ५,००० सेकंद, म्हणजे सुमारे ८३ मिनिटे चालेल. दरम्यान मशीन सेकंदाला ५ एमबी या गतीने नवे लिहीत असेल, तर फार तर २५ जीबी भाग बदललेला असेल. तो उतरवायला २५० सेकंद लागतील. तेवढ्यात सव्वा जीबी बदलेल. त्याला साडेबारा सेकंद. मग उरतील सुमारे ६२ एमबी, आणि त्यांना एक सेकंदही लागत नाही. त्या क्षणी मशीन पळभर थांबवून शेवटची पाने उतरवायची आणि नव्या प्रतीवर सुरू करायचे. प्रत्येक फेरीत काम विसाव्या हिश्श्यावर येते, हे भूमिती श्रेढी शिकलेल्या विद्यार्थ्याला लगेच उमजेल. पण याच गणितात धोकाही दिसतो. मशीनचा लिहिण्याचा वेग नक्कल करण्याच्या वेगाइतका किंवा त्याहून अधिक झाला, तर फेऱ्या कधीच संपणार नाहीत. नोंदींचा सतत वर्षाव असलेल्या डेटाबेसच्या बाबतीत हे घडू शकते.

तिसरा उपाय म्हणजे रोखपालालाच दोन्ही वह्यांत लिहायला लावणे. कारकून पहिल्या पानापासून क्रमाने उतरवीत जातो. जी पाने उतरवून झाली आहेत त्यांवर नवी नोंद आली तर ती दोन्ही वह्यांत होते. जी अजून उतरवायची आहेत त्यांवरील नोंद फक्त जुन्या वहीत होते, कारण कारकून पुढे तेथे पोहोचणारच आहे. आणि ज्या पानावर कारकुनाचा हात आहे, त्या पानाची नोंद क्षणभर थांबते. यामुळे एकाच फेरीत काम पुरे होते. नव्या साठ्याने मध्येच दगा दिला, तरी जुनी वही पूर्ण असतेच.

व्हीएमवेअरच्या प्रणालीत हे टप्पे क्रमाने आले. २००७ साली स्नॅपशॉटवर आधारलेली पद्धत, २००९ साली बदललेल्या भागांची खूण ठेवण्याची पद्धत आणि २०११ साली दोन्हीकडे लिहिण्याची पद्धत. त्यांच्या अभियंत्यांनी २०११ मध्ये शोधनिबंधातून हा प्रवास मांडला आहे. केव्हीएमच्या जोडीने चालणाऱ्या क्यूईएमयू प्रोग्रॅममध्येही २०१२ पासून चालू डिस्कची अशी प्रत करण्याची सोय आहे.

खरी प्रत कोणती?

एवढे वाचल्यावर वाटेल की, प्रोग्रॅमच सर्व काही करतो. मग माणसाचे काम काय? आमच्या मते या साऱ्या विषयाचे मर्म याच प्रश्नात आहे. नक्कल करणे यंत्राचे काम आहे. पण दोन प्रती असताना त्यांतील खरी कोणती, हे ठरविणे आणि त्याची नोंद ठेवणे माणसाचे काम आहे.

नवी प्रत सुरू होईपर्यंत खरी प्रत जुनी असते. नवी सुरू होऊन तिच्यात पहिली नोंद पडली की त्या क्षणापासून खरी प्रत नवी होते आणि जुनी शिळी होते. समजा, सकाळी सहा वाजता मशीन नव्या साठ्यावर सुरू झाले. दुपारी बारा वाजता काही बिघाड दिसला आणि कोणी घाईने जुनी प्रत सुरू केली. मशीन चालू होईल, पडदा दिसेल, सर्वांना हायसे वाटेल. पण सकाळी सहा ते बारा या वेळात खातेदारांनी भरलेले पैसे त्या प्रतीत नसतील. याहून वाईट म्हणजे दोन्ही प्रती एकाच वेळी चालू होणे. नाव एक, पत्ता एक, आणि निम्म्या नोंदी इकडे तर निम्म्या तिकडे. मग दोन वह्यांचा मेळ घालायला माणसे बसवावी लागतात, आणि तो पूर्ण बसेलच याची शाश्वती नसते.

म्हणून जुनी प्रत म्हणजे बॅकअप नव्हे, हे पक्के ध्यानात ठेवावे. बॅकअप वेगळा, वेगळ्या जागी असावा आणि तो परत उतरवून पाहिलेला असावा. जुन्या प्रतीचे नाव बदलावे, तिच्या नेटवर्कची जोडणी काढून ठेवावी, म्हणजे चुकूनही ती जुन्या नावाने जागी होणार नाही. मात्र ती लगेच पुसूही नये.

दोन साठ्यांचे स्वभाव वेगळे

साठे मुख्यतः दोन तऱ्हांचे असतात. एक तऱ्हा म्हणजे फायबर चॅनल किंवा आयस्कझीने जोडलेला. तो सर्व्हरला कोरी डिस्क देतो आणि तिच्यावरची मांडणी हायपरव्हायझर करतो. दुसरी तऱ्हा म्हणजे एनएफएससारखा. तो तयार फोल्डर देतो आणि मांडणी स्वतः सांभाळतो. एका तऱ्हेतून दुसरीत जाताना पुढील गोष्टी हमखास आडव्या येतात.

जागेचा फुगवटा : ५०० जीबीची डिस्क दिलेली असली तरी प्रत्यक्षात १२० जीबीच वापरलेली असू शकते. अशा डिस्कला थिन म्हणतात. नव्या साठ्यात ती पूर्ण ५०० जीबी होऊन बसू शकते. अशी दहा-वीस मशीन हलविली आणि हिशेब केलेला नसला, तर नवा साठा मध्यरात्रीच भरतो. भरलेल्या साठ्यावर त्याच्यावरील सर्वच मशीन अडचणीत येतात, नुसते हलविलेले मशीन नव्हे.

जुने स्नॅपशॉट : कोणी तरी कधी तरी घेऊन विसरलेले स्नॅपशॉट डिस्कला साखळीसारखे लोंबत असतात. हलविण्यापूर्वी ते शोधून, गरज नसलेले विलीन करून घ्यावेत.

थेट जोडलेल्या डिस्का : काही मशीनना फाईलऐवजी साठ्यातील खरी डिस्क थेट दिलेली असते. अशा वेळी काही पद्धतींत केवळ तिच्याकडे बोट दाखविणारी छोटी फाईल हलते आणि माहिती जुन्याच यंत्रात राहते. पडद्यावर 'काम यशस्वी' असे येते. नंतर जुने यंत्र बंद केले की उलगडा होतो.

फाईलचे स्वरूप : हायपरव्हायझरही बदलत असेल तर व्हीएमडीके, क्यूकाऊ२, रॉ अशा स्वरूपांतही बदल करावा लागतो. विंडोज मशीन केव्हीएमवर नेताना आवश्यक व्हर्टआयओ ड्रायव्हर आधीच बसवून घ्यावेत, अन्यथा ते सुरू होताना आपली डिस्कच ओळखत नाही. लिनक्स मशीनमध्ये डिस्कचा उल्लेख एसडीए, व्हीडीए अशा नावाने असेल तर तो युयूआयडी या कायम ओळखक्रमांकाने करून ठेवावा, कारण नव्या जागी नाव बदलू शकते.

कामाचा क्रम

हे काम पुढील क्रमाने केल्यास त्रास कमी होतो, असे आम्ही विद्यार्थ्यांना सुचवू इच्छितो.

१. प्रत्येक मशीनची यादी करावी. त्याच्या किती डिस्का, किती जागा, कोणते काम, कोण वापरते आणि बंद ठेवता येईल अशी वेळ कोणती, हे लिहावे.

२. बॅकअप घ्यावा व किमान एक मशीन त्यातून परत उभे करून पाहावे.

३. नव्या साठ्याला सर्व सर्व्हर जोडलेले आहेत का, हे प्रत्येक सर्व्हरवरून तपासावे. एकच सर्व्हर जोडलेला असेल तर साठा सामायिक राहत नाही.

४. आधी बिनमहत्त्वाचे छोटे मशीन हलवावे, मग मध्यम, आणि डेटाबेस सर्वांत शेवटी. महिनाअखेर, पगाराचे दिवस आणि ३१ मार्चचा आठवडा टाळावा.

५. एका वेळी एक-दोनच मशीन हलवावीत. नकलेचा वेग मर्यादित ठेवावा, म्हणजे इतरांचे काम मंदावत नाही.

६. हलविल्यावर मशीन सुरू झाले एवढ्यावर समाधान मानू नये. ज्याचे काम आहे त्यालाच बोलावून कालची शेवटची नोंद दिसते का, आजची नवी नोंद होते का, हे पाहून घ्यावे.

७. बॅकअप नव्या जागेवरून चालू झाला आहे याची खात्री करावी. ही गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते.

८. केव्हा कोणती प्रत खरी झाली, हे तारीख-वेळेसह वहीत लिहावे आणि पाळी बदलताना पुढच्या माणसाला ते तोंडीही सांगावे.

घरी करण्याजोगा प्रयोग

हे शिकायला मोठे डेटा सेंटर लागते असे नाही. दोन जुने संगणक पुरे होतात. एकावर लिनक्स व केव्हीएम, किंवा मुक्त परवान्याची प्रॉक्समॉक्स प्रणाली बसवावी. दुसऱ्यावर एक एनएफएस फोल्डर व एक आयस्कझी डिस्क तयार करून दोन्ही पहिल्याला जोडावीत. झाले आपले दोन वेगळे सामायिक साठे. मग एक छोटे लिनक्स मशीन पहिल्या साठ्यावर उभे करावे आणि त्यात दर सेकंदाला एक क्रमांक व वेळ फाईलमध्ये लिहीत राहणारा चार ओळींचा प्रोग्रॅम चालू ठेवावा. तो चालू असतानाच डिस्क दुसऱ्या साठ्यावर हलवावी. शेवटी फाईल उघडून पाहावे. एखादा क्रमांक गळाला का? कोठे वेळेत खंड पडला, आणि किती सेकंदांचा? नंतर मशीनवर लिहिण्याचा भार वाढवून हाच प्रयोग पुन्हा करावा आणि वेळ किती वाढला ते मांडावे. मुलाखतीत 'मायग्रेशन केले आहे काय?' असे विचारले, तर पाठ केलेल्या व्याख्येऐवजी स्वतः मोजलेले हे आकडे सांगता येतील.

ज्यांना महागड्या प्रशिक्षण वर्गाची फी परवडत नाही, त्या विद्यार्थ्यांसाठी हा प्रयोग आम्ही मुद्दाम दिला आहे. या क्षेत्रात आज्ञा पाठ असणारे पुष्कळ भेटतात. पण मध्यरात्री तीन वाजता, दोन प्रती समोर असताना, कोणती खरी हे शांतपणे सांगू शकणारा माणूस थोड्यांत सापडतो. एखाद्या वृद्ध ठेवीदाराच्या पासबुकातील रक्कम दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी दिसते, ती अशा माणसाने रात्री वहीत लिहून ठेवलेल्या एका ओळीमुळे. आपल्या विद्यार्थ्यांनी त्या तयारीने या व्यवसायात उतरावे, एवढी अपेक्षा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.